लाउडस्पीकरची पारख

‘लाउडस्पीकर’ हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णा उभा राहतो, किंवा मिरवणुकीच्या गाडीवर रचलेली काळ्या पेट्यांची भिंत. दोहोंचे काम एकच, आवाज दूरवर पोचविणे. ह्या लेखात ज्या लाउडस्पीकरविषयी सांगावयाचे आहे त्याचे काम निराळे आहे. दहा फुटांवर बसलेल्या चार माणसांना, गाणारा समोर येऊन बसला आहे असे वाटावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. परंतु ही अपेक्षा पुरी करू म्हणणाऱ्या जोड्या आज एखाद्या मोटारसायकलीच्या किमतीपासून सदनिकेच्या किमतीपर्यंत मिळतात, आणि त्या विकत घेणारे गृहस्थ पुष्कळदा एवढा मोठा व्यवहार दुकानात अर्धा तास बसून उरकतात. घरी आणल्यावर तीच जोडी घुमू लागते, दोन महिन्यांत कोणी तिच्याकडे फिरकत नाही आणि वर्षभरात तिच्यावर फुलदाणी येते. हे टाळता येते. त्यासाठी इंजिनिअर असावयास नको. थोडे गणित, एक गज आणि आपले कान पुरेत.

उदाहरणादाखल आपण तेलीबांध्यातील एक घर घेऊ. रायपूर शहरातील हा भाग. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता येथूनच जातो. तळ्याकाठच्या सुशोभित रस्त्याला गावकरी मोठ्या कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. १९०० साली सुरू झालेली धमतरीची अडीच फुटी आगगाडी पूर्वी तेलीबांध्याला थांबे. २०१७ साली ती ह्या भागातून उठली आणि तिच्या वाटेवर आता मोटारींचा रस्ता झाला आहे. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसांचे येणे-जाणे आहे, आणि १९५६ पर्यंत तर रायपूरची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे येथील एखाद्या मराठी घरात माळ्यावर जुन्या तबकड्यांचा खोका निघाला, आणि निवृत्तीच्या पैशांतून ‘आता एकदा नीट ऐकू या’ असे कोणी मनावर घेतले, तर त्यात नवल नाही. अशा घराची बैठकीची खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे असे धरू. फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, एका बाजूस मोठी काचेची खिडकी. आपण बेळगावचे असा, इंदूरचे असा की बडोद्याचे, आपली खोली ह्याहून फार वेगळी नसावी.

आधी खोली, मग दुकान

दुकानात जाण्यापूर्वी ह्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक जोराची टाळी वाजवावी. टाळी वाजून संपली तर ठीक. ती झणझणत राहिली तर लाउडस्पीकर कितीही मोलाचा आणा, गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळणारच. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन ह्या प्राध्यापकाने १८९०च्या दशकात एका व्याख्यानगृहात गाद्या आणून टाकून आणि काढून घेऊन हा नाद किती वेळ रेंगाळतो ते मोजले व त्याचे सूत्र बसविले. ते सूत्र आपल्या खोलीस लावले, तर सारे सामान काढून टाकलेल्या ह्या सिमेंटच्या पेटीत आवाज पुरता विरावयास सुमारे तीन सेकंद लागतात. त्याच खोलीत जाड सतरंजी, गादीची बैठक, पडदे, पुस्तकांचे उघडे कपाट आणि पाच-सहा माणसे आली की हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे जो गुण दुकानदार आपणांस दोन लाखांना विकू पाहतो, त्याचा बराचसा अंश सतरंजीत आणि पुस्तकांच्या कपाटात आहे. ह्या गोष्टी दुकानदार सांगत नाही; त्याला दोष देण्याचेही कारण नाही, तो सतरंज्या विकत नाही.

रेंगाळणे सावरता येते. खर्जाचा प्रश्न त्याहून बिकट. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. खोलीच्या लांबीच्या दुपटीने ह्या वेगास भागले की त्या खोलीचा पहिला स्वतःचा स्वर मिळतो. आपल्या खोलीच्या लांबीचा हा स्वर सुमारे ३८ हर्ट्झ, रुंदीचा ४७ आणि उंचीचा ५६ येतो; लांबीचा दुसरा स्वर ७५ हर्ट्झच्या जवळ पडतो. गाण्यातला एखादा स्वर ह्यांपैकी एखाद्याशी जुळला की खोली तो उचलून धरते. म्हणूनच डग्ग्याचा एक बोल कानठळ्या बसवितो आणि शेजारचा बोल कोठे गेला ते कळत नाही. चौरस खोलीत तर लांबी-रुंदीचे स्वर एकच झाल्याने हा उपद्रव दुणावतो. लाउडस्पीकर कोपऱ्यात कोंबला म्हणजे हे सारे स्वर एकदम जागे होतात. भिंतीपासून दीड-दोन हात पुढे आणला की पुष्कळसे निवळतात. तेवढी जागा सोडावयास घरातील मंडळी तयार आहेत की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारून घ्यावे. कारण दाराआड सरकविलेल्या कपाटाएवढ्या लाउडस्पीकरपेक्षा योग्य जागी ठेवलेला लहान लाउडस्पीकर सदैव सरस वाजतो.

ऐकण्यास काय न्यावे?

रायपूरहून रेल्वेने नागपूर तीनशे किलोमीटर, आणि मुंबई त्याहून कितीतरी दूर. उंची लाउडस्पीकरांची निवड मोठ्या शहरांतच असते, तेव्हा इतक्या लांब जाऊन ऐकावयाचे तर आपले गाणे बरोबर न्यावे. दुकानात जे लावतात ते त्या लाउडस्पीकरची हौस पुरविणारे असते. कोठे तरी काच फुटते, कोठे ढोल दणाणतात. असल्या आवाजांची खरी जात आपणांस ठाऊक नसते, त्यामुळे ते खरे वाजले की खोटे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. माणसाचा आवाज, तंबोरा आणि तबला ह्यांची जात मात्र आपल्या घरांतील पुष्कळांना पाठ असते.

तंबोऱ्याकडे प्रथम वळावे. जवारीमुळे त्याच्या एका तारेतून उपस्वरांची जी झळाळी निघते, तिच्यावर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली निबंध लिहिला होता. वाईट लाउडस्पीकर ह्या झळाळीचा एक तर पत्रा करतो नाही तर चिखल. चांगल्यावर चार तारा चार दिसतात, आणि गायकाने आवाज लावला तरी त्याच्यामागे त्या चालू असल्याचे भान सुटत नाही. तबल्यावरही रामन ह्यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासमवेत काम केले होते. साध्या चामड्याच्या वाद्याचे उपस्वर बेसूर असतात, पण शाईच्या लेपाने ते सुरांत येतात, हे त्यांनी दाखवून दिले. यास्तव लाउडस्पीकरवर तबला ऐकताना तो किती मोठा वाजतो ते पाहू नये. ‘ना’ सुरात लागतो काय, डग्ग्याची मींड अखंड सरकते की पायरी-पायरीने, आणि थाप संपल्यावर पेटी गप्प बसते की ‘हूं’ करीत राहते, इकडे लक्ष द्यावे. छत्तीसगडातील वाचकांनी तीजनबाईंची पंडवानी न्यावी. एकाच बाईचा आवाज कुजबुजीवरून आरोळीवर क्षणात जातो. लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर ह्या दोघांचाही दम तेथे कळतो.

आता खर्जाविषयी, कारण पैसा प्रामुख्याने तेथेच जातो. काळी एक पट्टीतील षड्ज १३९ हर्ट्झच्या आत-बाहेर असतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झ. ह्याचा अर्थ असा की ज्या घरात ख्याल, नाट्यगीते, अभंग आणि जुनी चित्रपटगीते ऐकावयाची आहेत, त्या घरास २५ हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या महाकाय पेट्यांचे प्रयोजन अत्यल्प आहे. चर्चमधील मोठे ऑर्गन किंवा चित्रपटातील स्फोट ह्यांसाठी ती खोली लागते. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९७०च्या दशकात ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस ३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा लाउडस्पीकर बनविला. बोलणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा वाटला पाहिजे हा त्याचा मुख्य कस होता. अर्धशतक लोटले तरी गाण्याचे शौकीन त्याच्या नव्या आवृत्त्या शोधत असतात. मला विचाराल तर, निवृत्तीच्या पैशांतून कंठसंगीत ऐकावयाचे असेल तेव्हा उत्तम लहान जोडी घेऊन उरलेले पैसे गाठीशी ठेवावेत.

ऐकण्याची रीतही महत्त्वाची. दोन लाउडस्पीकर लागोपाठ ऐकताना त्यांतील जो किंचित मोठा वाजतो तोच आपणांस चांगला वाटतो. फरक इतका थोडा असतो की ‘हा मोठा आहे’ असे जाणवतच नाही. ‘हा अधिक मोकळा आहे’ असे वाटते. जाणता विक्रेता ह्याचा उपयोग करून घेऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी दोन्हींचा आवाज समान करून मागावा. आजकाल भ्रमणध्वनीवरही आवाज मोजण्याची सोय असते. ती काटेकोर नसली तरी तुलनेपुरती चालते. सूक्ष्म भेदांची कानाची स्मृती काही सेकंदांचीच असते, तेव्हा सकाळी एका दुकानात ऐकलेल्याची संध्याकाळी दुसऱ्या दुकानातल्याशी तुलना करू नये. दुसरी गोष्ट डोळ्यांची. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल ह्या शास्त्रज्ञाने पडद्याआड ठेवलेल्या लाउडस्पीकरांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९९४ साली त्याने व शॉन ऑलिव्ह ह्याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच लाउडस्पीकर आधी न पाहता व मग पाहून ऐकले, तेव्हा आकार, नाव आणि किंमत दिसताच त्यांची मते बदलली. हे श्रोते ह्याच धंद्यातले होते! आपली काय कथा? पुढे पातळ पडदा धरणे दुकानात जमले नाही तर निदान कुटुंबातील एकास पाठमोरे बसवावे. हे काम घरातील आजींकडे द्यावे अशी माझी सूचना आहे. वयोमानाने अतिउंच स्वर त्यांना कमी ऐकू येत असतील, परंतु आवाज ‘खरा’ आहे की ‘यंत्रातला’, हे त्या ज्या निःशंकपणे सांगतात ते नातवाला साधत नाही. नातवाने उंच स्वरांचे तेवढे पाहावे.

आणि घरी पंखा चालू ठेवून ऐकण्याची सवय असेल तर दुकानातही पंखा लावावयास सांगावे. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर दिवसभर घोंघावत असतो. त्या घोंघाटात तंबोऱ्याची नाजूक झळाळी बुडून जाते, मग ती कितीही किमती पेटीतून येवो.

जोड कशी जमवावी?

लाउडस्पीकर ठरला की त्याला साजेसा अ‍ॅम्प्लिफायर पाहावयाचा. येथे लोक वॅटच्या आकड्यास भुलतात. खरा आकडा लाउडस्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात असतो, तो त्याच्या संवेदनक्षमतेचा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबेल आवाज देतो, हे त्यावरून कळते. समजा, हा आकडा ८६ आहे. आपण तीन मीटरवर बसलो, तर दोन लाउडस्पीकर मिळून एका वॅटला ८२-८३ डेसिबेल कानापर्यंत पोचतात. बैठकीतील गाणे सरासरी ७८ डेसिबेलच्या आसपास ऐकले तर सुखाचे वाटते. म्हणजे बहुतेक वेळ आपण एक वॅटसुद्धा वापरीत नाही! मात्र तान उसळते किंवा समेची थाप पडते तेव्हा आवाज क्षणभर वीस डेसिबेलने चढतो, आणि दर दहा डेसिबेलला दहापट शक्ती लागते. त्या हिशेबाने तीस-पस्तीस वॅटची गरज पडते. तेव्हा पन्नास-साठ प्रामाणिक वॅट भरपूर झाले. शंभराचे दोनशे केल्याने केवळ तीन डेसिबेल वाढतात, तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. उलट लाउडस्पीकर ९६ डेसिबेलचा असेल तर तीन-चार वॅटही त्याला पुरतात.

ह्या दोन टोकांची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. पुण्याच्या केडन्स ऑडिओने संमिश्र जातीचे लाउडस्पीकर बनविले. त्यांत खर्ज नेहमीच्या शंकूतून निघतो आणि वरचे स्वर दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेल्या, विद्युत्भारित अशा अतिशय पातळ पडद्यातून येतात. इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ साली बाजारात आणलेल्या प्रसिद्ध लाउडस्पीकरचे तत्त्व हेच. अशा पडद्याचा विद्युत्विरोध स्वर जसा उंच होतो तसतसा घटत जातो, त्यामुळे त्याला न डगमगता विद्युत्प्रवाह पुरविणारा भक्कम अ‍ॅम्प्लिफायर लागतो. कोचीच्या रेथम कंपनीने नेमका दुसरा मार्ग धरला : हलका, रुंद पल्ल्याचा एकच शंकू, संवेदनक्षमता फार मोठी, आणि जोडीला थोड्या वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही पंथांचे भक्त आहेत आणि दोघांचेही बरोबर आहे. पहिल्याचा लाउडस्पीकर दुसऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की मात्र दोघांत छत्तीसचा आकडा उभा राहतो.

विरोधाविषयी आणखी थोडे. मागे ‘८ ओहम’ लिहिलेले असते, पण तो विरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. कोठे तीस ओहमपर्यंत चढतो, कोठे तीनवर उतरतो. किमान आकडा विचारून घ्यावा. तो चारच्या खाली जात असेल तर आपला अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला किती वॅट देतो ते पाहावे. ८ ओहमच्या जवळजवळ दुप्पट देत असेल तर त्याच्या अंगी बळ आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध जास्त असतो, त्यामुळे लाउडस्पीकरचे असे चढउतार थेट स्वरांत उमटतात. त्यालाच कोणी ‘गोडवा’ म्हणतात, आणि कधी तो खरोखर गोड असतोही. पण ‘अ’ वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर, मग ते व्हॉल्व्हचे असोत वा ट्रान्झिस्टरचे, गाणे चालू असो की बंद, सतत वीज जाळून उष्णता सोडीत राहतात. कश्मीरात ते शेकोटीचे काम देतील; रायपूरच्या वैशाखात तो सोस कोणी करू नये. ‘ड’ वर्गाचे नवे अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग कामी लावतात आणि थंड राहतात. त्यांची पहिली पिढी कानास कोरडी लागे; आजच्या चांगल्या यंत्रांना तो आक्षेप लावता येत नाही.

तारांवर फार शब्द खर्च करीत नाही. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा पाच मीटर लांबीस, जाऊन-येऊन विरोध सुमारे सात शतांश ओहम भरतो. आठ ओहमपुढे तो नगण्य आहे. रंगीबेरंगी वेष्टनातील तारांची किंमत ऐकून दडपून जाऊ नये.

माळ्यावरचा खोका मात्र विसरता कामा नये, कारण त्याची जोड बहुधा चुकते. लांब वाजणाऱ्या तबकडीवरून साध्या चुंबकी जातीच्या सुईने जो विद्युत्प्रवाह निघतो तो काही मिलिव्होल्टचा असतो, तर सीडी यंत्र दोन व्होल्ट देते. अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ अशी वेगळी जागा नसेल तर मध्ये त्यासाठीचे लहान यंत्र घ्यावे लागते. ते केवळ आवाज वाढवीत नाही. तबकडी कापताना दाबलेला खर्ज पूर्ववत करते आणि चढविलेले उंच स्वर खाली आणते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचे खाच रुंद असतात. त्यांना सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. लांब वाजणाऱ्या तबकडीची सुई त्याच्या चतुर्थांशाहूनही बारीक असते आणि ती जुन्या खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उकरते. बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ‘खराब झाली’ म्हणून टाकून देण्यापूर्वी सुई बदलून पाहावी. ह्या तबकड्यांत फार उंच स्वर मुळातच नाहीत. त्या ऐकण्यासाठी चमकदार आवाजाचा लाउडस्पीकर घेतला तर खरखरच चमकते, म्हणून निवडीच्या वेळी अशी एखादी तबकडी किंवा तिची प्रत जवळ असू द्यावी.

वापरलेली जोडी स्वस्तात मिळत असेल तर पुढची जाळी काढून शंकूची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. ती स्पंजासारख्या फेसाची असेल तर पंधरा-वीस वर्षांत आपोआप झडते. रबराची असेल तर पुष्कळ टिकते. कड नवी बसवून मिळते, पण त्याचा खर्च आधी वजा करावा.

सरतेशेवटी दुकानदाराशी बोलताना एकच अट आग्रहाने घालावी : जोडी आठ दिवस घरी ठेवून पाहीन, न जमल्यास परत करीन. ही अट पावतीवर लिहून घ्यावी. खोके आणि त्यांतील भरण फेकू नये. त्या आठ दिवसांत लाउडस्पीकर रोज वीतभर पुढे-मागे सरकवून पाहावेत, जागा खडूने फरशीवर आखून ठेवावी, आणि रात्री रस्त्याची वर्दळ ओसरल्यावर एकदा अगदी हलक्या आवाजात ऐकावे. वस्तीच्या भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबेलची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेलीच आहे. अशा हलक्या आवाजातही शब्द सुटे आणि तंबोरा जिवंत राहिला, तर सकाळी दुकानदारास उरलेले पैसे पाठवून द्यावेत.